ऊन भरपूर, तरी हाड का मोडतं?

आमच्या धारणीत उन्हाची काय कमी? तरीही म्हातारी माणसं न्हाणीत जराशी घसरतात अन् खुब्याचं हाड मोडून बसतात. मग ऑपरेशनला अमरावती गाठायची तर सेमाडोह-परतवाड्याचा घाटरस्ता, तोही मोडलेल्या हाडानिशी! अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, बेडसोअर, रक्ताच्या गाठी मागे लागतात. म्हणून हे सगळं आधीच समजून घेतलेलं बरं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हाड म्हणजे आर.सी.सी. त्यातलं कोलॅजेन ही ताण घेणारी सळई, आणि कॅल्शियमचे क्षार म्हणजे दाब घेणारं काँक्रीट. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हा मालच कमी होत जातो, हाड आतून विरळ होतं. मांडीच्या हाडाची मान खुब्यापाशी कँटिलिव्हरसारखी तिरपी निघालेली असते. कुशीवर पडलं की बरेचदा तीच मोडते. बायकांना पाळी गेल्यावर हा धोका जास्त.

यात व्हिटॅमिन डी कुठे आलं? ते नसेल तर जेवणातलं जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम शोषलं जातं. पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं. म्हणजे ठेव मोडून घरखर्च! शिवाय स्नायू दुबळे होतात, तोल जातो, आणि माणूस पडतो.

हे व्हिटॅमिन त्वचेत तयार होतं, पण फक्त अल्ट्राव्हायोलेट-बी किरणांनी. आपण आजीला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवतो, तेव्हा सूर्य खाली असतो आणि हे किरण वातावरणातच अडतात. सोपा नियम असा: सावली आपल्या उंचीपेक्षा लहान, तर ऊन कामाचं. धारणीचे अक्षांश साधारण साडेएकवीस. गणित करून बघा, मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या आतच येते. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारास जेमतेम. म्हणून उन्हाळ्यात दहाच्या आत, हिवाळ्यात दुपारी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. आणि वय झालं की त्वचा हे व्हिटॅमिन कमीच बनवते, त्यामुळे घरातच बसून असलेल्या आजीला तर दुहेरी तोटा.

मग सरळ गोळ्या द्याव्यात का? फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३,२७० वृद्ध स्त्रियांवर प्रयोग झाला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. रोज ८०० युनिट व्हिटॅमिन डी आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांत दीड वर्षात खुब्याचे फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाले. उलट अमेरिकेत २५,८७१ धडधाकट लोकांवरच्या प्रयोगात, २०२२ साली, नुसत्या व्हिटॅमिन डीने काहीच फरक दिसला नाही. म्हणजे कमतरता असेल तिथेच फायदा. साठ हजार युनिटची पुडी मनानेच रोज घेणं तर धोक्याचं, रक्तात कॅल्शियम वाढून किडनी बिघडू शकते.

तेव्हा सुट्टीत घरी जाल, तर आजी-आजोबांना डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्या. आणि न्हाणीत धरायला एक दांडी, रात्री वाटेत एक दिवा, एवढं इंजिनिअरिंग तर आपल्याला येतंच ना!