तारेविना घरचं इंटरनेट

फिक्स्ड वायरलेस: मोबाइल टॉवरवरून थेट घरच्या राउटरपर्यंत येणारं ब्रॉडबँड.

• भारतात ५जी सुरू: १ ऑक्टोबर २०२२. मग फिक्स्ड वायरलेस सेवा आल्या. एअरटेल एक्स्ट्रीम एअरफायबर: ऑगस्ट २०२३, दिल्ली व मुंबई. जिओ एअरफायबर: १९ सप्टेंबर २०२३, मुंबईसह आठ शहरं.

• टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. गर्दीच्या वेळी वेग घटतो.

• मुंबईतल्या खारदांड्यासारख्या दाटीच्या कोळीवाड्यात मोठी सोय: केबलसाठी गल्ली खणावी लागत नाही. मात्र काँक्रीटच्या भिंती सिग्नल अडवतात. बाहेरचा अँटेना उंचावर, टॉवरच्या दिशेने हवा. खाऱ्या वाऱ्यात त्याला धरणारी लोखंडी पट्टी गंजते, ती तपासत राहावी.

• घेण्यापूर्वी त्याच कंपनीच्या ५जी फोनवर, घरातच, रात्री वेग मोजावा. अपलोड आणि पिंगही (प्रतिसादाला लागणारा वेळ).

• वीज गेली की राउटर बंद.