सत्तर दिवसांचा कॅन्डिडेट

चकाचक ऑफिस, धडाधड भरती आणि तिसऱ्या महिन्यात पगाराचे वांधे! अशी एखादी कंपनी तुमच्याही ओळखीची असेल. पण व्हाइट हाउसच्या शर्यतीतही अगदी हेच घडू शकतं. विश्वास बसत नाही? मग भेटा स्कॉट वॉकरला.

२०१५ मध्ये वॉकर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा गव्हर्नर होता. तिथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी थेट निवडून दिलेला, राज्याचा कारभार हाकणारा माणूस. साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. बायोडेटा एकदम झकास! २०११ मध्ये त्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियन्सचे हक्क कापले, तेव्हा हजारो लोकांनी मॅडिसनच्या विधानभवनाला वेढा घातला. त्याला मुदतीआधीच घरी पाठवण्यासाठी २०१२ मध्ये खास निवडणूक झाली. पठ्ठ्या तीही जिंकला. २०१० आणि २०१४ धरून चार वर्षांत तीन विजय. रिपब्लिकन मंडळी फिदा! जानेवारी २०१५ मध्ये आयोवात त्याने जोरदार भाषण ठोकलं आणि तिथल्या पाहण्यांमध्ये तो थेट वर गेला.

१३ जुलै २०१५ ला त्याने अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. पहिलं मतदान फेब्रुवारी २०१६ मध्ये. म्हणजे अजून सहा-सात महिने. पण पगारी स्टाफ मात्र आत्ताच, नव्वदच्या घरात!

त्यातच डोनाल्ड ट्रम्पने सगळा प्रकाशझोत स्वतःकडे खेचून घेतला. अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळावं का, या प्रश्नावर वॉकरने आठवड्याभरात वेगवेगळी उत्तरं दिली. १६ सप्टेंबरच्या टीव्ही डिबेटमध्ये अकरा जणांच्या गर्दीत तो दिसलाच नाही म्हणा ना. चारच दिवसांनी आलेल्या सीएनएनच्या पाहणीत त्याचा पाठिंबा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता.

मग पैसा संपला का? गंमत इथेच आहे. त्याच्या पाठीशी असलेल्या ‘सुपर पॅक’ने वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच सुमारे दोन कोटी डॉलर्स गोळा केले होते. सुपर पॅकला कितीही देणगी घेता येते, जाहिरातींचा पाऊस पाडता येतो. पण उमेदवाराच्या स्टाफचा पगार त्यातून देता येत नाही. त्यासाठी उमेदवाराचं स्वतःचं खातं लागतं, आणि त्या खात्यात एका माणसाला प्रायमरीसाठी तेव्हा फार तर २,७०० डॉलर्स देता येत होते. असे छोटे चेक नाव गाजत असलं तरच येतात. नाव पडलं, चेक थांबले. शेजारची तिजोरी भरलेली, आपलं पाकीट रिकामं!

२१ सप्टेंबरला, सत्तराव्या दिवशी, वॉकरने मॅडिसनमध्ये माघार जाहीर केली. एकही मत पडायच्या आत खेळ खल्लास. मागे राहिली ती उधारी.

आणि हाच माणूस दुकानातली डिस्काउंट कूपन्स जपून वापरण्याचे किस्से भाषणात हौसेने सांगायचा! २००६ मध्ये गव्हर्नरपदाच्या शर्यतीतूनही तो पैशांअभावी बाहेर पडला होता, पण चार वर्षांनी परतून जिंकला होता. या वेळी तसं झालं नाही. २०१८ मध्ये टोनी एव्हर्सने त्याची गव्हर्नरची खुर्चीही घेतली.

तेव्हा दोस्तहो, कंपनी काढा नाहीतर इलेक्शन लढवा, एकच विचारा: पुढच्या महिन्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार?