क्लचचा आवाज काय सांगतो?

(एस.टी., जीप, टेम्पो, मोटार अशा वाहनांतून आपण नेहमी प्रवास करतो. या वाहनांत बिघाड होऊ लागला, की ती आधी आवाज करतात. तो आवाज नीट ऐकला, तर बिघाड कोठे आहे हे कळते. ते कसे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थीमित्रांनो, १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर या शहरांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली. अहमदनगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आज या जिल्ह्याच्या गावोगावी मोटारी जातात. करंजी घाट, इमामपूर घाट, चंदनापुरी घाट असे चढउतारही त्या पार करतात. घाट आला, की चालक पुन्हा पुन्हा गिअर बदलतो. त्या वेळी त्याच्या डाव्या पायाकडे पाहा. तो पाय एक पेडल दाबतो आणि सोडतो. तेच क्लचचे पेडल.

क्लच म्हणजे काय, हे समजण्यासाठी दोन थाळ्या डोळ्यांसमोर आणा. एक थाळी गरगर फिरते आहे, दुसरी स्थिर आहे. दुसरी थाळी पहिलीवर घट्ट दाबली, तर काय होईल? घर्षणामुळे तीही फिरू लागेल. ती दूर केली, की तिला मिळणारी गती बंद होईल. क्लचचे काम असेच चालते. इंजिनाला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. ही झाली पहिली थाळी. दुसरी थाळी म्हणजे क्लच प्लेट. ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली असते. प्रेशर प्लेट नावाचा भाग स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतो. त्यामुळे इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे आणि तेथून चाकांकडे जाते.

चालकाने पेडल दाबले, की रिलीज बेअरिंग नावाचा भाग पुढे सरकतो आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला रेटतो. क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहते. पण गती पुढे जात नाही. मग गिअर अलगद बदलता येतो.

आता एक प्रसंग पाहू. समजा, पाथर्डीहून जीप चालवणारे एक काका गॅरेजमध्ये आले. ते म्हणाले, “उस्ताद, क्लच दाबला की फार आवाज येतो हो!” गॅरेजमध्ये काम शिकणारा मुलगा लगेच म्हणाला, “क्लच गेला असेल. गिअरबॉक्स उतरवू या.” उस्तादांनी त्याला थांबवले. “बाळा, आधी ऐक. मग पाना हातात घे.”

उस्तादांनी असे का म्हटले? क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला असतो. तो पाहायचा, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यात तासन्‌तास जातात. मजुरी द्यावी लागते. गाडी उभी राहिली, की काकांची त्या दिवसाची कमाई बुडते. आणि एवढे करून दोष भलतीकडेच निघाला तर? म्हणून अंदाजाने गाडी खोलायची नसते. डॉक्टर रोग्याला ‘दुखते का?’ एवढेच विचारत नाहीत, ‘केव्हा दुखते?’ असेही विचारतात. गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

ही तपासणी मोठ्या माणसाने करायची असते. तुम्ही बाजूला उभे राहून ऐका. गाडी सपाट जागी आणि उघड्यावर उभी असावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते, कारण त्याच्या धुरात विषारी वायू असतो. हँडब्रेक ओढलेला असावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा.

पहिली पायरी : इंजिन बंद ठेवून पेडल दाबायचे आणि सोडायचे. ‘कुई कुई’ असा आवाज आला, तर दोष फिरत्या भागांत नाही, कारण या वेळी काहीच फिरत नाही. पेडलचा सांधा, क्लचची केबल किंवा रिलीज बेअरिंगला ढकलणारा काटा कोरडा पडलेला असतो. काकांच्या जीपमध्ये नेमके हेच झाले होते. उस्तादांनी पेडलचा सांधा पुसला, त्याला ग्रीस लावले. आवाज बंद झाला. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

पण इंजिन बंद असताना पेडल गप्प राहिले असते तर? मग उस्ताद पुढच्या पायरीकडे गेले असते.

दुसरी पायरी : इंजिन चालू करायचे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि पाय पेडलवरून काढायचा. या वेळी क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाबरोबर फिरत असतात. आता ‘घूंऽऽ’ असा सतत आवाज येतो आणि पेडल पूर्ण दाबताच तो थांबतो, असे झाले, तर गिअरबॉक्सच्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल दाबल्यावर दांडा थांबतो, म्हणून त्याचे बेअरिंगही गप्प होते. ‘घूंऽऽ’ऐवजी ‘खडखड’ ऐकू आली आणि पेडल दाबताच ती थांबली, तर क्लच प्लेटमधल्या लहान स्प्रिंगा सैल झालेल्या असू शकतात.

तिसरी पायरी : इंजिन चालूच ठेवून पेडल अगदी थोडे दाबायचे. तेवढ्यानेच ‘किर्रर्र’ असा आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग झिजले आहे असे समजावे. पेडल जसजसे खाली जाते, तसतसा त्यावरचा भार वाढतो आणि आवाजही वाढतो. काही गाड्यांत हे बेअरिंग स्प्रिंगला नेहमीच टेकलेले असते. तेथे आवाज आधीपासून येतो आणि पेडलला पाय लागताच तो थांबतो किंवा बदलतो.

चौथी पायरी : पेडल पूर्ण दाबायचे. आतापर्यंत सगळे शांत होते आणि आता ‘घर्रर्र’ सुरू झाली, तर दोष बहुधा आणखी एका लहान बेअरिंगचा असतो. ते फ्लायव्हीलजवळ मधोमध बसवलेले असते आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक त्यात टेकलेले असते. फ्लायव्हील आणि दांडा एकाच वेगाने फिरतात, तोपर्यंत या बेअरिंगला काम नसते. पेडल दाबले, की फ्लायव्हील फिरत राहते आणि दांडा थांबतो. तेव्हाच हे बेअरिंग काम करू लागते आणि ओरडू लागते. जीप, ट्रक अशा गाड्यांत असे बेअरिंग असते. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या अनेक लहान मोटारींत ते नसते.

पेडल पूर्ण दाबूनही मागचा गिअर टाकताना ‘कर्रकर्र’ होत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी आधी केबल सैल झाली आहे का ते पाहावे. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल, तर डबीतले तेल कमी झाले आहे का ते पाहावे. हे दोष गिअरबॉक्स न उतरवता दूर होतात.

मित्रांनो, घाई करून गाडी खोलणे जसे चुकीचे, तसेच आवाजाकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे. झिजलेले रिलीज बेअरिंग एखाद्या दिवशी पुरते निकामी होते. मग क्लच सुटत नाही आणि गिअर बदलता येत नाही. भर घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना असे झाले तर? म्हणून निदान होताच दुरुस्ती करून घ्यावी. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग तपासून घ्यावेत. झिजलेला एखादा भाग तसाच ठेवला, तर थोड्याच दिवसांत तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

काम करणाऱ्यानेही स्वतःला जपावे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पक्के टेकू लावावेत. क्लचवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. पूर्वीच्या क्लच प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत. त्याची धूळ फुफ्फुसांना फार घातक असते.

क्लच लवकर का बिघडतो? याचे कारण पुष्कळदा चालकाच्या सवयीत असते. काही चालक गाडी चालवताना डावा पाय पेडलवरच टेकवून ठेवतात. रिलीज बेअरिंगला विश्रांती मिळत नाही. प्लेट थोडी घसरत राहते, तापते आणि झिजते. चढावर गाडी थांबवायची असेल, तर ती ब्रेकने थांबवावी. क्लच अर्धवट दाबून तिला धरून ठेवू नये. सिग्नलला उभे राहावे लागले, तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पाय काढून घ्यावा.

तुमच्यापैकी कोणाला हे काम आवडत असेल, तर दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. तेथे औजारे धरायला शिकवतात. कान उघडे ठेवण्याची सवय मात्र आजपासूनच लावता येईल. पुढच्या वेळी जीपमध्ये बसाल, तेव्हा चालकाचा पाय पाहा आणि गाडीचा आवाज ऐका. आवाज केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो, एवढे जरी तुम्ही सांगू शकलात, तरी उस्तादांचे अर्धे काम होईल.

शब्दार्थ
निदान – बिघाड किंवा रोग नेमका ओळखणे
बिघाड – खराबी
दुरुस्ती – मरम्मत
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासणे
संशय – शक
सांधा – जोड
टेकू – आधार
निकामी होणे – कामाचे न राहणे
दुर्लक्ष करणे – लक्ष न देणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एस.टी.ची पहिली गाडी कोणत्या दोन शहरांच्या दरम्यान धावली?
(आ) काकांच्या जीपमध्ये कोणता दोष निघाला?
(इ) पेडल थोडे दाबताच आवाज सुरू झाला, तर कोणता भाग झिजलेला असतो?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) उस्तादांनी मुलाला गिअरबॉक्स उतरवू दिला नाही.
(आ) बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये.
(इ) डावा पाय सतत पेडलवर ठेवू नये.

प्रश्न ३. ‘आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे अधिक महत्त्वाचे आहे,’ हे वाक्य पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्रश्न ४. ‘खडखड’, ‘किर्रर्र’ यांसारखे आवाज दाखवणारे आणखी पाच मराठी शब्द लिहा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या गावातील गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. गाडी खोलण्यापूर्वी उस्ताद चालकाला कोणकोणते प्रश्न विचारतात, ते मराठीत लिहून आणा.