बॅटरीला जेवू घालणारा

मे महिन्यातली रात्र. अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. एसी, हेडलाइट दोन्ही चालू. मूर्तिजापूर येईतो उजेड पिवळा पडत गेला आणि समोर बॅटरीचं लाल चित्र मंद पेटलं. बॅटरी तर दोन महिन्यांपूर्वीच नवी घेतलेली. एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान उघडं सापडलं. त्याने चालू गाडीतच मीटर लावला : १२.१ व्होल्ट. तिथे १४ च्या आसपास हवे होते.

"बॅटरीले कायले दोष देता भाऊ? तिले जेवूच भेटून नाही राह्यलं."

बॅटरीचं मोठं काम गाडी सुरू करून देण्याचं. इंजिन फिरू लागलं की दिवे, पंखे, हॉर्न, टेप, सगळ्यांना पोसतो अल्टरनेटर. वर सेल्फने खर्चलेली वीजही बॅटरीला परत करतो. इलेक्ट्रिशियन मात्र अल्टरनेटरला ‘डायनामो’च म्हणत होता. जुन्या गाड्यांत खरोखरच डायनामो असे. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होई, सगळा करंट कार्बन ब्रशमधून बाहेर काढावा लागे आणि इंजिन संथ असलं की चार्जिंग जवळपास थांबे. अल्टरनेटरने रचना उलटी केली. पट्ट्यावर फिरतो तो चुंबक, म्हणजे रोटर. त्याला कार्बनमधून जेमतेम दोन-चार अँपिअर पुरतात. भारी करंट निघतो भोवतीच्या स्थिर वाइंडिंगमधून. तो एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारा असतो. डायोड त्याचा डीसी करतात. रेग्युलेटर रोटरचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज ताब्यात ठेवतो.

पण पोसण्यालाही मर्यादा असते. ट्रॅक्टरवर ३६ अँपिअरचा अल्टरनेटर सर्रास दिसतो. १४ व्होल्टला हे झाले सुमारे ५०० वॉट. त्यावर चार जास्तीचे फोकस आणि मोठं साउंड लावलं की बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते.

त्याने अल्टरनेटर खोलून टेबलावर ठेवला. हवेच्या फटींत काळ्या मातीची धूळ तेलात मळून घट्ट बसली होती. पंख्याला वाराच मिळत नव्हता. आपल्याकडे दुपारी बाहेरच ४५ अंश. बॉनेटखाली काय होत असेल! त्या उष्णतेने एक डायोड गेला होता. त्याने डायोड प्लेट बदलली, ब्रशने फटी मोकळ्या केल्या आणि बेअरिंग बोटाने फिरवून कानाशी धरलं.

याच अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. अशा सलग रस्त्यावर अल्टरनेटर पोटभर चार्जिंग देतो. त्याचे हाल शहराच्या गर्दीत होतात : इंजिन संथ, एसीचा पंखा जोरात आणि वारा नाही.

दुकानातली बॅटरी लावून त्याने गाडी सुरू केली. मीटरवर १४.२. सगळे दिवे लावले, १३.९. लाल चित्र विझलं. त्या दिव्याच्या एका टोकाला बॅटरी असते, दुसऱ्याला अल्टरनेटर. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की त्यातून करंटच जात नाही. त्याने पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि बॉनेट लावलं.