जंगल तुटले ते कुऱ्हाडीच्या आधी

सह्याद्रीचे सदाहरित जंगल असे तुकड्यातुकड्यांनी का उरले, याचे उत्तर आपण कुऱ्हाड, कोळसाभट्टी, धरण आणि रस्ता यांत शोधतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणारे एक तळे आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमचे राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्र यांच्या संशोधकांनी त्याचा गाळ थराथराने तपासला. गाळात दबलेल्या परागकणांचे कवच हजारो वर्षे टिकते आणि त्याच्या ठेवणीवरून वनस्पती ओळखता येते; डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांवरून पाणी किती आणि कसे होते ते कळते. सुमारे ८,६६० वर्षांपूर्वी कास कोरडे पडू लागले, अधूनमधून ओला काळ येत राहिला, आणि सुमारे २,८०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस पुन्हा क्षीण झाला, असे या गाळातून दिसते. जंगलावर त्याचा काय परिणाम झाला असेल, याची साक्ष दक्षिणेकडून मिळते. कारवारजवळच्या समुद्रतळाच्या गाळात सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून घाटातल्या वृक्षांचे परागकण घटत जातात आणि गवताळ प्रदेशाचे वाढतात.

पाऊस थोडा घटला तर जंगल नुसते मागे सरकत नाही, ते फुटते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे तो ५०० मिलिमीटरच्या घरात येतो. इतक्या तीव्र उतारावर कोरडे महिने वाढले की जांभ्याच्या सड्यावरचा पातळ मातीचा थर आधी सुकतो. घळीत आणि ओढ्याकाठी मात्र ओल टिकते, म्हणून तिथले अंजन, पिसा, जांभूळ तग धरतात. मधली जागा गवत घेते.

परागकणांवर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. वाऱ्यावर पराग सोडणारे गवत गाळात भरपूर दिसते, तर कीटकांवर विसंबणारी सदाहरित झाडे फारच कमी. म्हणून एका थरातले प्रमाण म्हणजे जंगलाचे मोजमाप नव्हे. पण हा दोष सगळ्याच थरांत असतो, त्यामुळे थरागणिक होणारा बदल खोटा ठरत नाही. शिवाय डायटम त्याच पाण्यात वाढलेले, वाऱ्याने दुरून आलेले नव्हेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जंगल माणसाने जाळले नसेल कशावरून? शेवटच्या हजार वर्षांपुरता मीही तो मानतो, कारण त्या थरांत पोषणद्रव्यांनी गढूळलेल्या पाण्यातले डायटम वाढतात आणि त्याचा संबंध बहुधा गुराढोरांशी आहे. २,८०० वर्षांपूर्वीसाठी तो अर्धा मानावा लागेल. पुणे जिल्ह्यातले इनामगाव त्याच सुमारास ओस पडले, म. के. ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या कोरडेपणात पाहिले होते, म्हणजे शेतकरी स्वतःच पावसाचा मार खात होता. पण साडेआठ हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये शेतीच नव्हती. तेव्हाचा कोरडेपणा माणसाच्या माथी मारता येत नाही.

एवढ्यावरून सगळीच वर्षावने दर कोरड्या काळात फुटतात, असा नियम मात्र काढू नये. हिमयुगात अॅमेझॉनचे जंगल तुकड्यांत विखुरले, हे मत १९६९ मध्ये युर्गेन हाफर यांनी मांडले आणि ते खूप गाजले; पुढे ब्राझीलमधल्या पाटा तळ्याच्या परागकणांनी तिथे जंगल टिकल्याचे दाखवले. प्रत्येक प्रदेशाला त्याचाच गाळ विचारावा लागतो.

‘निसर्गच जंगल तोडत होता, मग माणसाला दोष कशाला?’ असा अर्थ कोणी यातून काढेल, तर तो उलटा आहे. पूर्वी ओले दिवस परतले की घळींतल्या झाडांचे बी पक्ष्यांमार्फत मधल्या गवतात पोचू शकत होते, आणि तुकडे पुन्हा सांधले जाण्याची शक्यता उरत होती. आज त्या मधल्या जागेत रस्ता, कुंपण आणि वणवा आहे. कोयना ते चांदोली हा सातारा-सांगलीचा पट्टा २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला, पण बीज पुरवणाऱ्या कितीतरी देवराया आणि घळी त्याच्या हद्दीबाहेर आहेत. मोसमी पाऊस पुन्हा बिघडला, तर झाडे वाचतील ती बहुधा याच घळींत, आणि तिथून बाहेर पडायची वाट आताच मोकळी ठेवावी लागेल.