वर्गणी, कीं भिक्षा ?

गेल्या दिवाळींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं फराळास जाण्याचा योग आला. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणारें हें कुटुंब. घरांतील धाकट्या नातवानें बँकेंतील नोकरी सोडून यूट्यूबवर सह्याद्रींतील किल्ल्यांचे व्हिडिओ दाखविण्याचा उद्योग आरंभिला आहे, आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटीं तो प्रेक्षकांस द्रव्यसाहाय्याची विनंति करितो, ही वार्ता आजोबांच्या कानीं नुकतीच गेली होती. “आपल्या घराण्यांत लोकांपुढें हात पसरणें आजवर झालें नव्हतें !” असें म्हणून त्यांनीं चकलीची ताटली दूर सारिली. नातू मान खालीं घालून बसला, आणि मध्यस्थी आमच्या गळ्यांत आली. त्या वेळीं जें नीट सांगतां आलें नाहीं, तें येथें सांगण्याचा विचार आहे; कारण असा नातू किंवा अशी नात आज पुष्कळ घरांत असेल.

ह्या व्यवसायांत पैसा येतो कोठून, हें प्रथम पाहूं. बहुतेकांची पहिली आशा जाहिरातींवर असते. यूट्यूबवर त्या उत्पन्नांतील वांटा मिळण्यास निदान एक हजार लोकांनीं चॅनेलवर नांव नोंदविलेलें असावें लागतें, व मागील बारा महिन्यांत त्यावरील व्हिडिओ चार हजार तास पाहिले गेलेले असावे लागतात. अथवा ‘शॉर्ट्स’ म्हणून जे लहान व्हिडिओ असतात, ते नव्वद दिवसांत एक कोटि वेळां पाहिले जावे लागतात. ही पायरी ओलांडल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नांतून शेंकडा ५५ कर्त्यास मिळतात व ४५ कंपनी ठेवते. वांटा वरवर पाहतां वाईट नाहीं. परंतु ह्या बाजारांत गिऱ्हाईक कोण, असा प्रश्न केला म्हणजे खरी मेख दिसते. पैसे देणारा तो गिऱ्हाईक. आणि येथें पैसे जाहिरातदार देतो. मग प्रेक्षक कोण ? तो विकला जाणारा माल ! ह्या मालाचा हिशेब प्रेमानें होत नसून डोकीं मोजून होतो. म्हणून कर्ताहि हळूहळू विषयाची खोली सोडून गर्दीच्या मागें धांवूं लागतो.

जॅक काँटी ह्या अमेरिकन वादकास हा अनुभव चांगलाच आला. त्यानें एका जाहीर व्याख्यानांत सांगितल्याप्रमाणें, एका महिन्यांत त्याचे व्हिडिओ दहा लाखांहून अधिक वेळां पाहिले गेले, आणि जाहिरातींतून पदरांत पडले अवघे सुमारें १६६ डॉलर ! तेव्हां २०१३ सालीं त्यानें सॅम यॅम ह्या आपल्या महाविद्यालयीन मित्रासह ‘पॅट्रिऑन’ नांवाची संस्था काढली. कलावंताचे चाहते तिच्यामार्फत ठराविक रक्कम त्याला दरमहा देऊं शकतात. ह्याच विचाराचें बीज केव्हिन केली ह्या लेखकाच्या २००८ सालच्या एका निबंधांत आढळतें. स्वतंत्र कलावंतास लक्षावधि लोक नकोत. एक हजार खरे चाहते मिळाले व प्रत्येकानें वर्षास शंभर डॉलर दिले, तरी त्याचा चरितार्थ उत्तम चालेल, असें त्याचें म्हणणें. एक हजार हा आंकडा सर्वांस लागू पडेल असें नाहीं. पण लक्ष कोठें द्यावें, हें त्यांतून बरोबर कळतें.

आपला हिशेब रुपयांत मांडूं. पांचशें कुटुंबांनीं दरमहा शंभर रुपये दिले, तर पन्नास हजार होतात. ते यूट्यूबच्या सभासदत्वाच्या मार्गानें आले, तर कर्त्याच्या वांट्यास शेंकडा सत्तर, म्हणजे पस्तीस हजार येतात. पॅट्रिऑन ऑगस्ट २०२५ पासून नव्यानें येणाऱ्यांकडून शेंकडा दहा घेतें, व पैसे पोंचविण्याचा खर्च त्याहून निराळा. यूपीआयनें थेट बँकेच्या खात्यांत आले, तर मधला वांटेकरी नाहीं. मात्र दर महिन्याची आठवण देणें व हिशेब ठेवणें हें सर्व स्वतःसच करावें लागतें. ह्याशिवाय ज्यास जें येतें, तें तो विकूं शकतो : गाणारीनें शिकवणी चालवावी, पाककुशल गृहिणीनें पुस्तक काढावें, आमच्या ह्या दुर्गप्रेमी नातवानें चाळीस माणसांस फी घेऊन गडावर न्यावें. आंकडे अचाट नाहींत, हें आम्ही मुद्दाम सांगतों. आणि पहिलीं पांचशें कुटुंबें मिळावयास कित्येकदां वर्षांमागून वर्षें जातात.

आतां आजोबांच्या आक्षेपाकडे वळूं. ही भिक्षा आहे काय ? ज्या कपाटास टेकून ते बसले होते, त्यांतच केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड मांडलेले होते. ते कसे निघाले ? कोणा राजाच्या औदार्यानें नव्हे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनीं त्यासाठीं मर्यादित मंडळी काढून तिचे भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले, आणि ह्या खटाटोपाची हकीकत पुढें १९२७ सालीं ‘माझें बारा वर्षांचें काम’ ह्या पुस्तकांत लिहून ठेविली. त्याहि पूर्वीं, १८७४ सालीं, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमाला सुरू केली. तींतील बहुतेक सर्व मजकूर एकट्यांनीं लिहिला, आणि तो वाचकांनीं पैसे देऊन वाचला. कीर्तन संपल्यावर आरतीच्या ताटांत पडणारा पैसाहि ह्याच जातीचा. ऐकणाऱ्यानें ऐकून घेतलें, संतोष पावला, आणि यथाशक्ति दिलें. भिक्षेंत देणारा उपकार करितो. वर्गणींत तो आपल्या आवडीच्या वस्तूचें मोल देतो. मोबाइल आला म्हणून हा भेद पुसला जात नाहीं.

परंतु नातवासहि चार शब्द सांगणें अवश्य आहे. पहिला असा कीं, परक्याच्या जागेंत घर बांधलें असतां ती जागा आपली समजूं नये. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतील कित्येक मराठी कलावंतांचा जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रींत नाहींसा झाला. त्याच वर्षीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील सुमन धामणे ह्या आजीबाईंचें, नातवाच्या मदतीनें चाललेलें ‘आपली आजी’ हें पाककृतींचें चॅनेल चोरट्यांनीं बळकाविलें होतें. तें कांहीं दिवसांनीं परत मिळालें; परंतु सर्वांचें नशीब तसें नसतें. म्हणून आपल्या चाहत्यांचे ई-मेलचे पत्ते, त्यांच्या संमतीनें, स्वतःच्या वहींत असावे.

दुसरा शब्द सचोटीचा. एखादा व्यापारी पैसे देऊन आपल्या वस्तूची तारीफ करवून घेतो, तेव्हां ती जाहिरात आहे हें प्रेक्षकांस स्पष्ट सांगावें. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम २०२१ पासून आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या शिफारशीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दंडाहून मोठी हानि विश्वासाची. तिसरा शब्द हिशेबाचा : हें उत्पन्न करपात्र आहे, तेव्हां पहिल्या रुपयापासून नोंद ठेवावी. चौथा घरासाठीं : एक वर्षाचा खर्च गांठीं बांधूनच नोकरी सोडावी, व कोणत्या मुदतींत किती उत्पन्न न झाल्यास परत फिरावयाचें, हें वडील माणसांसमक्ष आधींच ठरवावें. अनेकांच्या कमाईवर चालणाऱ्या घरांत एकाचें धाडस सर्वांचें असतें.

शेवटीं एक गोष्ट आम्हां वाचक-प्रेक्षकांची. आपण मुलांस त्या व्हिडिओंवरून इतिहास शिकवितों, त्यांतील पाककृति सणास करितों, आणि पैशाची गोष्ट निघाली म्हणजे ‘फुकट मिळतें, मग द्यावयाचें कशास ?’ असें म्हणतों. फुकट मिळत नाहीं. आपण रोकडीऐवजीं जाहिराती पाहून मोल देतों, आणि मग सर्वत्र उथळपणा वाढल्याची तक्रार करितों. घरांतील सर्वांस आवडणारें एक तरी काम निवडून त्यास नियमानें कांहीं द्यावें, अशी आमची सूचना आहे.

गेल्या पंधरवड्यांत त्या घरीं पुन्हां गेलों होतों. आजोबा चष्मा लावून मोबाइल पाहात होते. नातवास त्यांनीं हांक मारिली. “राजगडाच्या व्हिडिओंत तूं सुवेळा माचीला संजीवनी म्हटलें आहेस. दुरुस्त कर !” नातू हंसून म्हणाला, “आजोबा, एवढ्या बारकाईनें कोणी पाहात नाहीं.” त्यावर आजोबा उत्तरले, “मी पाहतों. कालपासून दरमहा शंभर रुपये भरतों आहें मी.”