पोच

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या एसटीने रत्नागिरीत उतरणाऱ्यांमध्ये काही म्हातारी माणसे हमखास असतात. काखेत छत्री, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकचे फोल्डर. फोल्डरमधल्या कागदाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का असतो: कार्यालयाचे नाव, तारीख, आवक क्रमांक आणि खाली कुणाची तरी तिरकी सही. पहिला सोमवार हा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाचा. तालुक्याला न सुटलेली तक्रार त्या दिवशी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे मांडता येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून या मंडळींचा भाड्याचा खर्च वाचतो. खेपा मात्र चुकत नाहीत.

त्या जांभळ्या शिक्क्याला आपल्याकडे पोच म्हणतात. आपण दिलेला कागद सरकारला मिळाला, एवढीच तिची कबुली. कागदातले म्हणणे खरे की खोटे, काम होणार की नाही, याविषयी ती काही बोलत नाही. तरीही कोकणातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी ती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकी जपून ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे ठाम मत आहे.

माझे थोरले काका प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर वाडीचे सगळे लिखापढीचे काम आपोआप त्यांच्याकडे आले. वारस नोंद, विजेचा वाकलेला खांब, नळपाणी योजनेची फुटलेली पाइपलाइन, निराधार योजनेतून नाव गळलेली एखादी काकी. एका पावसाळ्यात वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला. शाळेची पोरे पऱ्ह्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून जाऊ लागली. काकांनी अर्ज लिहिला, संबंधित कार्यालयात नेऊन दिला, तिथल्या माणसाने तो हसतमुखाने ठेवून घेतला. काका विश्वासाने परत आले. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर चौकशीला गेले तेव्हा उत्तर मिळाले, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. एक अख्खे वर्ष गेले. काकांनी त्याचा बोभाटा केला नाही. त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर बसून नवा अर्ज लिहिला, झेरॉक्स काढली आणि शिक्का घेऊनच उठले. त्यानंतर मी मुंबईहून फोनवर काहीही सांगू लागलो की ते मध्येच विचारत, ‘‘दिलास ते कळलं रे. पोच घेतलीस का?’’

साकव झाला. मध्ये आणखी दोन पावसाळे गेले.

पोच घेण्याची एक रीत आहे आणि ती शिकावी लागते. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. मूळ प्रत कार्यालयाची, दुसरी आपली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. इथे बरेच जण थांबतात, पण खरी गोष्ट पुढे आहे: आवक क्रमांक. शिक्का टेबलावर पडलेला असतो, तो कुणीही मारू शकतो. क्रमांक मिळाला म्हणजे कागद आवक नोंदवहीत चढला, आणि नोंदवहीत चढलेला कागद नाहीसा झाला तर त्याचा जाब विचारता येतो. जुन्या कार्यालयांत या शाखेला बारनिशी म्हणतात. फारसीतून आलेला, कित्येक राजवटी पाहिलेला हा शब्द. राज्ये बदलली, पण आलेल्या कागदाची नोंद करणारा माणूस दाराशी बसवायचा हा रिवाज टिकला.

नोंदीच्या तारखेपासून कायद्याचे घड्याळ चालू होते. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे, बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबास प्रतिबंध करणारा. कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. तातडीच्या फाईलला 4 दिवस, अतितातडीच्या फाईलला 1 दिवस. बदल्यांसाठी हा कायदा सर्वांना ठाऊक आहे, विलंबासाठी फार थोड्यांना. माहितीच्या अधिकारातही असेच घड्याळ आहे. 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झालेल्या त्या कायद्यात उत्तरासाठी 30 दिवस आहेत, पहिल्या अपिलासाठी पुढचे 30, दुसऱ्यासाठी 90. ही मोजणी सुरू कुठून होते? पोचेवरच्या तारखेपासून.

म्हणून मुरलेली माणसे माहितीच्या अर्जात ‘आमच्या वाडीचा रस्ता का झाला नाही’ असे कधी विचारत नाहीत. ‘का’ला कायद्यात उत्तर नाही. ती विचारतात: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे 150 शब्दांची मर्यादा. उत्तर आले की कागद कुणाच्या टेबलावर किती दिवस होता ते उघड होते. कधी कधी तो टेबलावर न जाता थेट ‘दप्तरी दाखल’ झालेला असतो, म्हणजे काहीही न करता बासनात बांधलेला. हे कळणेही मोलाचे आहे, कारण त्यानंतरच्या अर्जात ‘संदर्भ’ या शब्दापुढे लिहायला काहीतरी हाती येते. अर्जाचे सगळे वजन त्या संदर्भाच्या ओळीत असते. पहिल्या अर्जाला एक ओळ, पाचव्या अर्जाला पाच.

आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग मात्र फार कमी होतो. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरावरच्या आणि खालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची मुभा दिली आहे. सोमवारी लोकशाही दिनाला आलेल्या माणसाने दुपारची एसटी सोडून दोन तास थांबावे, असे मला सुचवावेसे वाटते.

हे सारे म्हाताऱ्या माणसांनीच का करायचे? उत्तर जनगणनेत आहे. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 साली ती 16,15,069 झाली. देश वाढत असताना हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, हे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त. अभिमानाने सांगावा असा हा आकडा वाटतो, पण त्यामागे मुंबईला गेलेले पुरुष आहेत. वाड्यावाड्यांत उरलेत आजी, आजोबा आणि कुलपे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांपैकी जे कमी असेल ते. नाव यादीत गावचे आणि माणूस नालासोपाऱ्यात, अशा गावात तेवढी डोकी जमवणे सोपे नाही. 1 मेची ग्रामसभा तेवढी भरते, कारण चाकरमानी सुटीला आलेला असतो. एरवी सभेत बसतात ती साठीच्या पुढची माणसे, आणि त्यांत बायका पुष्कळ. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये, 21 हजारांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, राबून झिजलेल्या बोटांचा न उमटणारा ठसा: सरकारची ओळख या बायकांना भाषणांतून झालेली नाही, रांगेत उभे राहून झालेली आहे. ग्रामसभेत त्या बोलायला उठल्या की म्हणूनच नेमके बोलतात.

मार्च 2022 मध्ये रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत संपली. निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. ज्याला रस्त्यात गाठून विचारावे असा सदस्यच नव्हता. त्या काळात गावाच्या हातात शिक्का मारलेला कागद तेवढा उरला. लोकप्रतिनिधी नसताना अर्जदार हाच गावाचा प्रतिनिधी असतो, आणि तो सत्तर वर्षांचा होता.

या रीतीला मोठा वारसा आहे, आणि त्याचे एक टोक रत्नागिरीतच आहे. टिळक आळीतल्या घरात 1856 साली जन्मलेल्या लोकमान्यांनी 1896-97 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेमार्फत गावोगाव माणसे धाडली. त्या माणसांनी शेतकऱ्यांना सरकारचीच दुष्काळ संहिता समजावून सांगितली: पीक बुडाले असेल तर सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, तो सरकारच्या पुस्तकात लिहिलेला आहे. सरकारचा नियम सरकारपुढेच ठेवायचा, ही ती युक्ती. सभेची स्थापना 1870 ची, अर्ज आणि निवेदने हेच तिचे काम. 1897 मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली, म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा तिचा अधिकार अमान्य केला. आजच्या भाषेत सांगायचे तर पोच द्यायचे बंद केले. अर्जाची ताकद राज्यकर्त्यांनाही नीट कळलेली असते.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचे. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलेल्या निवृत्तांना पाहून वेळ घालवायला आलेत असे कुणी म्हणाले तर मला वाईट वाटते. शासन निर्णयाची बातमी वाचून त्याची तारीख टिपून घेणारा माणूस हा वाडीचा वकील असतो, बिनफीचा.

सगळेच अर्ज साकवापुरते नसतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तो कागद कुणीतरी घेतला होता, कुठेतरी ठेवला होता. आवक विभागात बसणाऱ्या प्रत्येक माणसाने ही रात्र आठवावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. समोरचा म्हातारा तेच तेच सांगतोय असे वाटते तेव्हा तर नक्कीच. तो तेच सांगतो, कारण ते अजून झालेले नसते.

राजापूर तालुक्यात बारसूच्या कातळावर एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. ते चित्र देशाने पाहिले. त्याआधी ग्रामसभांनी केलेले ठराव कुणी पाहिले नाहीत. प्रकल्प हवा की नको यावर कोकणात दोन मते आहेत, दोन्हींचा मी आदर करतो. पण ठराव वेळेवर वाचले गेले असते तर कातळावर उन्हात झोपायची वेळ त्या बायकांवर आली नसती.

आता तक्रारी संगणकावर गेल्या आहेत. ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. क्रमांक म्हणजे पोचच, आणि ती घरबसल्या मिळते हे चांगले झाले. पण ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो बहुधा मुंबईतल्या मुलाच्या खिशात असतो. वाडीत रेंजसाठी सड्यावर चढावे लागते. शिवाय पडद्यावर ‘निकाली’ हा एकच शब्द उमटला तर कोणाला विचारायचे? खिडकीपलीकडे निदान माणूस असतो. संगणक राहू द्यावा, पण खिडकी बंद करू नये. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात ज्येष्ठांसाठी एक खुर्ची, एक पंखा आणि क्रमांक टाकून पोच देणारा एक माणूस ठेवावा. याला मोठा निधी लागत नाही.

काकांचे फोल्डर आता माझ्याकडे आहे. त्यातले तीन अर्ज अजून चालू आहेत, आणि संदर्भाच्या ओळी आता मी लिहितो.

गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची फाईल मागून घ्या. सर्वांत जुन्या पोचेवरची तारीख वाचा, त्या अर्जाचे पुढे काय झाले ते विचारा आणि पुढची खेप तुम्ही घाला. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज 15 दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो.